बायपासनंतर दारू वाढली, आता सोडायचीय. घरच्या घरी जमेल का?

शेवंती_पुणे (रविवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, या विषयासाठी वेगळा आयडी काढलाय, समजून घ्या.

वय ४३. अडीचेक वर्षांपूर्वी वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन) झाली. वजन १२८ होतं, आता ७६. शुगरच्या गोळ्या सुटल्या, गुडघे शांत झाले, चार मजले न थांबता चढते. ऑपरेशनबद्दल वाईट बोलायचंच नाहीये मला.

आधी मी पिणाऱ्यातली नव्हतेच. ऑफिसच्या पार्टीत एक ग्लास वाइन, तीही अर्धी तशीच राहायची. ऑपरेशननंतर वर्षभराने भाचीच्या संगीतला ग्लासभर घेतली आणि पाचव्या मिनिटाला असं काही हलकं वाटलं की बस. मग सुट्टीच्या दिवशी, मग दिवसाआड, आता रोज व्होडका, क्वार्टरच्या वर जाते. सकाळी हात थरथरतात, कपबशी वाजते, एक घोट पोटात गेला की थांबतात. आज घ्यायचीच नाही असं ठरवलं होतं तर दुपारपर्यंत घामाने भिजले, मळमळ, छातीत धडधड, संध्याकाळी घ्यावीच लागली.

गेले दोन आठवडे जेवणही जात नाहीये, उलट्या होतात, व्हिटॅमिनच्या गोळ्या बाहेर पडतात. चालताना जरा तोल जातो पण ते घेतल्यामुळेच असणार.

नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना आणि मुलाला (दहावीत आहे) नाही. नवरा म्हणतो चार दिवस रजा टाक, बाटल्या फेकून देऊ, मी घरी थांबतो, निश्चय केला की होतं सगळं. खरंच होईल का घरच्या घरी? सर्जनकडे फॉलोअपला गेलं की ते वजनाचा आकडा बघून इतके खूश होतात, तिथे हे कसं काढू?

घाटावरचा_गडी

ताई, मिस्टर बरोबर बोलतायत. निश्चय पाहिजे. आमच्या चुलत्यांनी एका आषाढीला माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. वीस वर्षं रोज बसणारा माणूस. ना दवाखाना ना गोळी. मनावर घ्या, होतंय.

चहाबाज

आपल्याकडे दारूच्या परवान्यावर आरोग्य टिकवण्यासाठी असं छापलेलं असतं, तो परवाना काढणाऱ्या सगळ्यांना हा धागा सक्तीने वाचायला दिला पाहिजे. शेवंतीताई, गंमत बाजूला, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

नाईट_ड्यूटी (रविवार, रात्री १२:०५)

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. ऑनलाइन तपासणी होत नसते, पण हे वाचून गप्प बसवत नाही.

शेवंती, घरी बंद करू नका. आणि चार दिवस रजा मिळायची वाटही बघू नका, आज रात्री किंवा फार तर उद्या सकाळी कॅज्युअल्टीला जा. मी घाबरवायला लिहीत नाहीये, दोन वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण थरथर. रोज दारू मिळत राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. शेजारी रोज मोठ्याने टीव्ही लावतात म्हणून आपल्याला घरात ओरडून बोलायची सवय लागते ना, तसं. टीव्ही अचानक बंद झाला तरी आपलं ओरडणं सुरूच राहतं. दारू एकदम थांबली की तो चढलेला मेंदू म्हणजेच घाम, कंप, धडधड. हे साधारण ६ ते १२ तासांत सुरू होतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भास होतात, वेळकाळाचं भान जातं, ताप चढतो, बीपी वाढतं, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो. सकाळच्या घोटाने ज्याची थरथर थांबते त्याने दवाखान्याबाहेर हा प्रयोग करू नये. ॲडमिट केल्यावर क्लोरडायझेपॉक्साईड किंवा लिव्हरची शंका असेल तर लोराझेपाम अशी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, बहुतेक लोक आठवड्याभरात या टप्प्यातून बाहेर येतात.

दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतंय. बायपास, रोजची दारू, दोन आठवडे उलट्या आणि जाणारा तोल. थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-वन. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. बायपासनंतर ते आधीच कमी शोषलं जातं, उलट्यांत गोळी टिकत नाही आणि दारू उरलंसुरलं शोषण बिघडवते. ते संपलं की तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, याला वेर्निके म्हणतात. वेळेत शिरेतून थायमिन दिलं तर सुधारतं, उशीर झाला तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. तोल घेतल्यामुळेच जातोय असं गृहीत धरू नका.

एका कागदावर लिहून न्या: बायपास झालीय, रोज दारू, उलट्या, तोल जातो. कॅज्युअल्टीत जो भेटेल त्याच्या हातात द्या आणि ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्या म्हणून सांगा. तिथे पोचेपर्यंत आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

पेडण्याची_पोर

डॉक्टरांचं अक्षरन्‌अक्षर खरं आहे, डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे गोव्यात उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन आला की मार्च ते मे कोण किती घेतो याची कोणी मोजदाद ठेवत नाही, आणि मामा तर बाराही महिने फेणीवाला. हर्नियाच्या ऑपरेशनला ॲडमिट झाला, घरच्यांपैकी कोणी डॉक्टरांना दारूचं बोललंच नाही, चारचौघांत कशाला म्हणून. दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक. तिसऱ्या रात्री मी सोबतीला होते. चादरीवरून काहीतरी वेचायला लागला, विचारलं तर म्हणे मुंग्या, बघ ना किती. पांढरीशुभ्र चादर. मग सलाईनची सुई ओढून काढली, रक्ताचा थेंब थेंब फरशीवर, आणि मला आईच्या नावाने हाका मारतोय, आई जाऊन दहा वर्षं झाली होती. सिस्टरनी एकच प्रश्न विचारला, हे रोज घेतात का? हो म्हटल्यावर पुढचं सगळं भराभर झालं. मामा वाचला, आज ठणठणीत आहे. पण ताई, घरात तुमच्या नवऱ्यासमोर रात्री तीन वाजता असं काही झालं तर तो एकटा काय करणार?

घाटावरचा_गडी

डॉक्टरसाहेब, मग आमच्या चुलत्यांना काहीच कसं झालं नाही?

नाईट_ड्यूटी

गडी, सगळ्यांना होत नाही. चुलते संध्याकाळचेच घेत असतील, जेवण व्यवस्थित असेल, सकाळी थरथर नसेल. अशी माणसं सुटतात, आनंदच आहे. माळ घातलेल्यांबद्दल मला आदर आहे, पुढे कधीच न घेणं हे त्या माळेने आणि दिंडीतल्या सोबतीने केलं. पण पहिल्या चार दिवसांत फिट यायची की नाही हे निश्चयावर ठरत नाही. ज्याला आधी एकदा फिट किंवा भास झालेत, वय जास्त आहे, पोटात अन्न नाही, त्याचा धोका जास्त. शेवंतीचं पोट तर बायपासचं.

जर्सीसिटी_मावशी (सोमवार, पहाटे ३:४०)

शेवंती, माझीही बायपास, इथे न्यू जर्सीत, आठ वर्षं झाली. इथे ऑपरेशनआधीच्या वर्गात हे सांगितलं होतं म्हणून मला ठाऊक. अन्न जातं ती नवी पिशवी जेमतेम ३० मिली, दारू तिथे थांबतच नाही, सरळ लहान आतड्यात. २०१५ मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांनी बायपास झालेल्या आणि न झालेल्या बायकांना तेवढीच दारू देऊन रक्त तपासलं. न झालेल्यांत प्रमाण टोकाला पोचायला २५ मिनिटांच्या आसपास लागली, झालेल्यांत ५, आणि टोकही जवळपास दुप्पट. म्हणजे दोन पेग घेतले तर शरीराला चारच्या जवळ. तुमचं ते पाचव्या मिनिटाला हलकं वाटणं वाचून हेच आठवलं.

त्यामुळे ही काही तुमच्या स्वभावातली खोट नाही. आत्ता कपडे भरा आणि निघा.

अभ्यासू_अण्णा

थोडा वेगळा मुद्दा. मानसशास्त्रात याला व्यसनाची जागा बदलणं म्हणतात. आधी खाण्याचं व्यसन, खाणं बंद झालं की दारू. मूळ मनातच आहे. समुपदेशन हाच उपाय, बाकी शरीराचं एवढं स्तोम नको.

नाईट_ड्यूटी

अण्णा, अर्धं मान्य. पण अमेरिकेतल्या १० हॉस्पिटलांतल्या पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झालाय. २०१२ मध्ये आलेल्या आकड्यांत दारूची समस्या ऑपरेशनआधी ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३ आणि दुसऱ्या वर्षी ९.६. पहिल्या वर्षी वाढ नाही, म्हणून सगळे निर्धास्त. पुढे पाच वर्षांपर्यंत बघितलं तर आधी त्रास नसलेल्यांतही बायपासवाल्या साधारण पाचातल्या एकाला तो सुरू झालेला. आता गंमत अशी की पोटाला नुसता बँड बसवणाऱ्यांनाही खाणं सोडावं लागतं, तरी बायपासवाल्यांत हा धोका त्यांच्या दुप्पट निघाला. नुसती व्यसनाची जागा बदलत असती तर दोन्हीकडे सारखा दिसायला हवा होता. आतड्याची जोडणी बदलली की मेंदूपर्यंत दारू पोचायचा वेग बदलतो, आणि झटकन चढणाऱ्या गोष्टीचंच व्यसन लवकर लागतं. स्लीव्हबद्दल (पोटाचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन) अजून संशोधकांचं एकमत नाही, पण स्लीव्हवाल्यांनी मोकळीक समजू नये.

स्पष्टवक्ता_७७

बायकांनी प्यायला लागायचं आणि मग धागे काढायचे. संस्कार

संपादक

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. सदस्याला समज दिली आहे.

पेडण्याची_पोर

संपादक, धन्यवाद. पुरुष दवाखान्यात गेला की बिचारा सोडतोय बघा, बाई गेली की हे. अशा बोलण्यामुळेच बायका लपून पितात आणि लपून सोडायला जातात. शेवंतीताई, लक्षच देऊ नका.

बशीतलं_पाणी

मी नवऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण त्या खुर्चीत बसलेय. माझे मिस्टर पीत होते. बाटल्या फेकणं, सिंकमध्ये ओतणं, पाकीट काढून घेणं, पहारा, सगळं केलं, आणि प्रत्येक वेळी तो सुटला नाही की मला वाटायचं मीच कमी पडले. अल-ॲनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा कळलं की दुसऱ्याची दारू आपण लावलेली नसते, आपण आवरू शकत नाही. शेवंतीच्या मिस्टरांना माझा निरोप द्या, पहारेकरी होऊ नका, ड्रायव्हर व्हा आणि तिला दवाखान्यात न्या. मग स्वतःसाठीही एखादी मीटिंग शोधा.

सकाळची_बैठक

मी एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मधला आहे, नावगाव सांगायची आमच्यात पद्धत नाही. आधी डॉक्टर, मग आम्ही. शरीरातून दारू उतरवायचं काम दवाखान्याचं, ते नाईट_ड्यूटींनी सांगितलंच आहे. पण आठवड्याने घरी आल्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा काय करायचं, ते आमचं काम. आम्ही आयुष्यभर सोडली असं म्हणत नाही, आजच्यापुरती घ्यायची नाही, एवढंच. मराठीतून मीटिंगा असतात, काही ठिकाणी फक्त बायकांच्याही.

पुण्यात आहात तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. बायकांसाठी तिथे निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात कसं राहू हा प्रश्न येत नाही. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

शेवंती_पुणे (सोमवार, सकाळी ८:१०)

सगळं वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. बशीतलं पाणी, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. निघतोय. कागद लिहिलाय.

चहाबाज

शाब्बास. आल्यावर चहा माझ्याकडे, बिनसाखरेचा, बायपासचा नियम मोडायचा नाही.

अभ्यासू_अण्णा

बँडची तुलना मला ठाऊक नव्हती, पटली. समुपदेशन मात्र लागतंच, त्यावर ठाम आहे.

नाईट_ड्यूटी

त्यावर आपलं भांडण नाहीच अण्णा.

घाटावरचा_गडी (शनिवार)

ताईंचं काही कळलं का? रोज धागा उघडून बघतोय.

शेवंती_पुणे (पुढचा बुधवार)

घरी आले. गडीदादा, वाट बघितलीत, बरं वाटलं.

कॅज्युअल्टीत कागद दिला. तिथल्या डॉक्टर मुलीने तो वाचला, माझ्या डोळ्यांसमोर बोट डावी-उजवीकडे फिरवलं, सरळ रेषेत चालायला लावलं. मला वाटत होतं मी नीट चालतेय, नवऱ्याचा चेहरा बघून कळलं की नाही. लगेच शिरेतून थायमिन सुरू केलं, दिवसातून तीनदा. मॅग्नेशियमही कमी निघालं. पहिली रात्र वाईट गेली, अंगावरची चादर ओली झाली तीनदा, पडद्यामागे कोणी उभं आहे असं वाटायचं पण ते खोटं आहे हेही कळत होतं. दर काही तासांनी सिस्टर हात पुढे करायला सांगून थरथर बघायची आणि त्यावर औषध ठरायचं. फिट आली नाही. चौथ्या दिवशी न धरता बाथरूमला गेले. तोल बराच सुधारलाय, थोडं डोळ्यांचं राहिलंय, ते सावकाश भरेल म्हणाले.

सर्जन येऊन गेले. अजिबात रागावले नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ आणि ते आता एकमेकांशी बोलून औषधं ठरवणार आहेत. दुर्बिणीने बघितलं तर जोडणीजवळ छोटा अल्सरही निघाला, उलट्यांचं तेही कारण.

आता प्रश्न. झोप लागत नाही. गोड खावंसं वाटतं, इतकं की फ्रिजसमोर उभी राहते. कशातच मन लागत नाही. शेजारच्या काकूंनी नवऱ्याला एक पुडी आणून दिलीय, जेवणात कालवून द्यायची, म्हणजे दारू घेतली की उलटी होते. आणि सासूबाई अशक्तपणासाठी दशमूलारिष्ट आणून ठेवतात, तेही आहेच. त्यांना सध्या पोटाचा अल्सर एवढंच सांगितलंय.

नाईट_ड्यूटी

फार छान झालं. आता एकेक बघू.

ती पुडी आधी फेका. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते औषध चांगलं आहे, पण पेशंटला माहीत असताना, तपासण्या करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. न सांगता दिलं आणि वर दारू गेली तर बीपी कोसळतं, जिवावर बेततं. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, कुठलंही आसव-अरिष्ट आंबवून केलेलं असतं, त्यात मद्यार्क असतो, ते बंद. खोकल्याचं सिरप आणि माउथवॉशही लेबल वाचून. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, अल्सर आहे.

तल्लफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन अशी औषधं आहेत. लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट बघून ठरतं, आणि बायपासनंतर काही गोळ्या वेगळ्या तऱ्हेने शोषल्या जातात, म्हणून दोघं डॉक्टर बोलतायत हे उत्तमच. झोप आणि उदासपणा काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतो. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. आणि जगण्यात काही राम नाही असे विचार यायला लागले तर त्याच दिवशी फोन करायचा, अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही.

डबेवाली_डाएटिशियन

गोडाचं मी सांगते. दारू सुटली की बहुतेकांना गोड हवंसं वाटतं, एए मध्ये तर खिशात चॉकलेट ठेवा म्हणतात. तुम्हाला ते चालणार नाही. बायपासवर पेढा-जिलबी गेली की डंपिंग, म्हणजे गोड झटकन आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात कळ. आणि तास-दोन तासांनी शुगर खाली येऊन पुन्हा थरथर. ती थरथर अगदी दारूच्या थरथरीसारखी वाटते आणि माणूस बाटलीकडे वळतो. म्हणून उपाशी राहायचं नाही. दर अडीच-तीन तासांनी थोडंसं, आधी प्रोटीन. मुगाचं धिरडं, पनीरचे दोन तुकडे, घट्ट दही, उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेली उसळ. पाणी जेवणासोबत नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडून. संध्याकाळी पाच-साडेपाचचं खाणं कधीच चुकवू नका, सातची वेळ त्यावर निभावते. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन हे तर जन्माचं, त्यात आता थायमिन.

सकाळची_बैठक

सासूबाईंचं. सगळं एका दिवसात सांगायची घाई नको. पण घरात राहणारं माणूस कायम अंधारात राहिलं तर ते दशमूलारिष्ट पुन्हा येणार, दिवाळीला जावई वाइन आणणार. आमच्या ग्रुपमधल्या एक ताईंनी सासूला एवढंच सांगितलं की ऑपरेशननंतर दारू अंगात भिनते, मला तिचा त्रास झाला, डॉक्टरांनी थेंबही नको म्हटलंय, तुम्ही मला सांभाळा. सासूबाई चिडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि मग घरी आलेल्या पाहुण्याला त्यांनीच दारात सुनावलं की आमच्याकडे बाटली आणायची नाही.

शेवंती_पुणे

हे वाक्य लिहून घेतलं. मुलाची प्रिलिम संपली की दोघांनाही सांगेन, नवरा सोबत बसणार आहे. उद्या पहिली मीटिंग, फक्त बायकांची.

घाटावरचा_गडी

ताई, माउली पाठीशी आहे. डॉक्टर, एक विचारू का? माझ्या मित्राची पुढच्या महिन्यात स्लीव्ह आहे, सोलापूरला. रोज रात्री तीन पेग ठरलेले, मोठे. म्हणतो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बंद करतो.

नाईट_ड्यूटी

नको! ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, तीन मोठे म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास, रोज. आदल्या दिवशी बंद केली तर ऑपरेशननंतर वॉर्डात असतानाच भास सुरू व्हायची शक्यता, पोटात ताजे स्टेपल असताना. त्याने सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला खरा आकडा आत्ताच सांगायचा. आधी देखरेखीखाली दारू सोडवतील, ऑपरेशन पुढे ढकलतील, ढकलू दे. नंतरही फॉलोअपला दरवेळी दारूचा प्रश्न विचारा म्हणून त्यानेच डॉक्टरांना सांगून ठेवावं, खास करून दुसऱ्या वर्षात. आणि सांगायला तो एकटा गेला तर तीनचा एक होईल, तेव्हा बायकोला बरोबर ने म्हणावं, किंवा तू जा.

घाटावरचा_गडी

मीच जातो. शनिवारी अपॉइंटमेंट आहे त्याची.